कुंभार्ली घाटातले तीन तास

२०२४ च्या सप्टेंबरात माण तालुक्यातील अडतीस शेतकऱ्यांना घेऊन मी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे निघालो होतो. भाड्याची बस ऐटबाज, पाट्यांऐवजी हवेच्या फुग्यांवर चालणारी. कराड, पाटण मागे पडले तरी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांची झोप मोडली नाही.

हेळवाकला चहा झाला. महाबळेश्वराहून दक्षिणेला आलेली कोयना येथे पूर्वेकडे वळते. मात्र धरणात अडवलेले तिचे पुष्कळ पाणी डोंगराच्या पोटातून पोफळीकडे जाते आणि वीज करून वाशिष्ठीमार्गे समुद्रास मिळते. हे ऐकून टँकरची वाट पाहणारी आमची मंडळी गप्प झाली. एक तात्या एवढेच म्हणाले, "वीज बी लागतीच म्हना."

घाट उतरू लागलो. उतारावर पिवळी सोनकी, वर धुके. चार वळणे गेली असतील, तोच फुस्स आवाज झाला आणि मागची डावी बाजू म्हशीसारखी खाली बसली. टायर घासल्याचा वास आला. ड्रायव्हरने रुंद जागा पाहून गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, मागच्या वळणावर झाडाच्या फांद्या टाकल्या.

पाच वाजून गेले होते. मी म्हणालो, "हळूहळू उतरू की."

"साहेब, याच कॉम्प्रेसरच्या हवेवर ब्रेक आहेत. काटा बघितल्याबिगर चाक हलायचं नाही. आन् टायर घासून फुटला तर?"

मी घाईला आलेलो. एका पोराला म्हटले, "बघ रे जरा खाली." तो बॅटरी घेऊन सरपटू लागताच ड्रायव्हरने त्याला मागे ओढले. उरलेली हवा गेली असती तर गाडी एकदम वीतभर खाली आली असती. मग त्याने चासीखाली जॅक आणि लाकडी ठोकळे लावले. त्या पोराची आई आमच्यातच होती. तिच्याकडे माझ्याने पाहवेना.

फुगा शाबूत होता. चासीवर हवेचा एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा बारीक सळईने आसाला जोडलेला. ओझे वाढून गाडी दबली की दांडा वर जातो, फुग्यात हवा भरते; गाडी उचलली की दांडा खाली येतो, हवा सुटते. सळईचे टोक तुटून दांडा लोंबत होता, म्हणून सगळी हवा सुटली. तात्या वाकून म्हणाले, "टाकीतला फ्लोट तुटल्यावानीच हाय की." फरक एवढाच, तिथे टाकी भरून वाहते, इथे फुगा रिकामा होतो.

उजव्या बाजूच्या सळईच्या मापाने कारवीची काठी तोडली आणि बांधणीच्या तारेने आवळली. सगळे दूर झाल्यावर इंजिन सुरू केले. गाडी हळूहळू उठली. साबणाचे पाणी लावून सांधे पाहिले, कुठे बुडबुडा नाही. हवेचा काटा चढून थांबला, ब्रेक दाबून पाहिले. तरीही ड्रायव्हरने एकालाही आत घेतले नाही. वयस्क मंडळी मिळेल त्या एसटीने आधीच पुढे गेली होती, आम्ही उरलेले नंतरच्या एसटीत चढलो. पुढे रिकामी बस खालच्या गिअरमध्ये उतरत होती. धुक्यात तिचे तांबडे दिवे दिसले की बरे वाटायचे. पोफळीचे दिवे दिसेपर्यंत कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला नवी सळई बसली. मिस्त्रीने काठी काढून फेकली, ती तात्यांनी उचलून पिशवीत घातली. म्हणाले, "घरी सांगून पटायचं न्हाई."