शब्द समोर ठेवून

आमच्या चर्चमध्ये मी सदतीस वर्षे पेटी वाजवतो आहे. 'उपासना संगीता'तली बहुतेक गीते मला क्रमांकासकट पाठ आहेत, आणि कोणत्या गीतात मंडळी कुठे लय ओढते तेही ठाऊक आहे. हे आधीच सांगतो, कारण ज्या चुकीबद्दल आज लिहायला बसलो आहे ती नवख्या माणसाची चूक नाही. आपल्याला संगीत कळते, या खात्रीपोटी ती माझ्या हातून झाली.

दोन वर्षांपूर्वी ईस्टरच्या तालमीला तरुण संघातला एक मुलगा गिटार घेऊन आला. शाळेत तो माझा विद्यार्थी होता. एक इंग्रजी गाणे आपण मराठीत बसवू या, असे म्हणून त्याने वाजवायला सुरुवात केली. दोन ओळी ऐकल्या, पेटीचा भाता लावला आणि सगळ्यांदेखत मी म्हणालो, "हे देवाचं घर आहे. इथे हा तमाशा चालणार नाही." त्याने गिटार खोळीत घातली, "सलाम, सर," म्हणाला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही नाही.

माझे तेवढ्यावर भागले नाही. मी कमिटीला लेखी निवेदन दिले. मुद्दे तीन होते. पहिला, या संगीतात शब्द ऐकू येत नाहीत, आणि शब्दांवाचून उपासना नाही. दुसरा, देवाला गोंगाट आवडत नाही. याला मी आमोसाच्या पाचव्या अध्यायाचा आधार दिला होता. तिसरा, ही वाद्ये आणि हा ताल दारूच्या गुत्त्यांतून आणि नाचघरांतून आलेला आहे, त्याला वेदीजवळ जागा नाही.

कमिटीने निवेदन ठेवून घेतले आणि तरुणांसाठी एक टिपण मलाच लिहायला सांगितले: कोणती गाणी चालतील, कोणती चालणार नाहीत आणि का. मी एकतीस वर्षे मराठी शिकवले. न वाचलेल्या पुस्तकावर प्रश्नपत्रिका काढायची नाही, हा नियम कधी मोडला नाही. टिपण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की ख्रिस्ती रॉकचे एकही गाणे मी अथपासून इतिपर्यंत ऐकलेले नाही. गेल्या वर्षी जानेवारीत मी त्याच मुलाला फोन केला. तो पुण्याला नोकरीला लागला होता. त्याने वाद घातला नाही. "यादी पाठवतो, सर. फक्त शब्द समोर ठेवून ऐका," एवढेच म्हणाला.

यादीत बारा गाणी होती. दर शनिवारी संध्याकाळी एक, असे ठरवले. शब्द वहीत उतरवायचे, अर्थ लावायचा आणि मग ऐकायचे.

पहिलेच गाणे रिच मलिन्स यांचे 'क्रीड', १९९३ सालचे. शब्द उतरवता उतरवता माझा हात थांबला. दर रविवारी आम्ही उभे राहून म्हणतो तो प्रेषितांचा विश्वासांगीकारच जवळजवळ जसाच्या तसा माझ्या वहीत उतरत होता. गाणे लावले. सुरुवातीला तारांवर हलक्या काठ्यांचे आघात ऐकू आले. हॅमर्ड डल्सिमर नावाचे ते वाद्य आपल्या संतूरच्या कुळातले. नंतर बाकीची वाद्ये आणि ताल त्याला येऊन मिळाले, पण शब्द कुठेही बुडाले नाहीत. उलट तालामुळे एकेक विधान वेगळे उभे राहिले. चर्चमध्ये विश्वासांगीकार चालू असताना माझे लक्ष पुष्कळदा पुढच्या गीताच्या क्रमांकाकडे असते. त्या संध्याकाळी घरात एकटाच असताना मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. ते शब्द उभ्यानेच म्हणायचे असतात. माझ्या निवेदनातला पहिला मुद्दा तिथेच पडला.

मलिन्स यांच्याबद्दल मग मी वाचत गेलो. गाण्यांतून मिळणारा पैसा ते आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे सोपवत, आणि अमेरिकेतल्या सामान्य नोकरदाराच्या पगाराइतकीच रक्कम स्वतःसाठी घेत. शेवटची वर्षे ते नॅव्हाहो आदिवासींच्या वस्तीत राहून मुलांना संगीत शिकवत होते. १९९७ साली मोटार अपघातात गेले, तेव्हा वय अवघे ४१. त्यांचेच 'होल्ड मी जीझस' हे दुसरे गाणे मी आता झोपण्यापूर्वी ऐकतो. घाबरलेला माणूस आधार मागतो आणि आपल्याला शरण जाणे जमत नाही हेही कबूल करतो. स्तोत्रसंहितेत असे रडणे पानोपानी आहे. आमच्या रविवारच्या निवडीत मात्र ते क्वचितच येते, आणि ती निवड इतकी वर्षे मीच करत आलो आहे.

दुसऱ्या मुद्द्याला धक्का लागला तो लॅरी नॉर्मन यांच्यामुळे. १९६९ साली आलेली त्यांची 'अपॉन धिस रॉक' ही तबकडी ख्रिस्ती रॉकची सुरुवात मानली जाते. त्या काळी कॅलिफोर्नियात घरदार सोडून भटकणारी, नशेत बुडालेली हजारो तरुण मुले ख्रिस्ताकडे वळत होती, आणि आपल्या ओळखीच्या आवाजात प्रार्थना करू पाहत होती. १९७२ साली नॉर्मन यांनी लंडनमध्ये, बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या स्टुडिओत, 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट' ध्वनिमुद्रित केली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने पुढे जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांत तिची निवड केली.

तिच्यातले 'द ग्रेट अमेरिकन नॉव्हेल' माझ्या यादीत होते. हे गाणे आपल्याच देशाला जाब विचारते. काळ्या माणसाला रात्रीच्या अंधारात मारणाऱ्यांना, चंद्रावर जायला पैसा ओतून भुकेल्या मुलांकडे पाठ फिरवणाऱ्यांना, परक्या युद्धात आपली मुले बळी देणाऱ्यांना. ऐकून झाल्यावर मी आमोस उघडला, निवेदनात आधारासाठी घेतलेला तोच अध्याय. 'गाण्यांचा गोंगाट' हे शब्द तिथे आहेत, पण कोणाची गाणी देवाला नकोशी झाली आहेत? जे गरिबाला तुडवतात आणि वेशीत न्याय विकतात, त्यांची. त्याच वचनात देव सारंग्यांचा नादही ऐकायला नकार देतो. म्हणजे त्या काळच्या प्रतिष्ठित, देवळातल्या वाद्यांचा. त्याला हवा आहे तो न्याय, आटून न जाणाऱ्या ओढ्यासारखा. आधीची आणि नंतरची ओळ सोडून मधलीच तेवढी उचलायची, हा दोष मी उत्तरपत्रिकांत आयुष्यभर लाल शाईने दाखवला. वचनाच्या बाबतीत तोच माझ्या हातून झाला होता.

त्यानंतरच्या शनिवारी 'अफ्रिकान्स' ऐकले. शिकागोच्या रिझरेक्शन बँडचे हे गाणे १९७९ सालचे, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाविरुद्धचे. नेल्सन मंडेला तेव्हा रॉबेन बेटावर कैदेत होते. तिथले डच रिफॉर्म्ड चर्च वर्णभेदाला बायबलमधून आधार काढून देत होते. अशा वेळी अमेरिकेतली गोरी ख्रिस्ती मुले विजेच्या गिटारी घेऊन त्याविरुद्ध गात होती. आमच्या मंडळीतल्या कितीतरी घरांचे पूर्वज गावकुसाबाहेरून आले. माझे आजोबाही. गावाच्या पाणवठ्याला हात लावायची त्यांना बंदी होती. त्यांच्या पिढीला चर्चने जवळ केले, शाळेत बसवले, म्हणून मी मास्तर होऊ शकलो. त्या आजोबांच्या नातवाने एका मुलाला चर्चच्या दारातून परत पाठवले होते. हा विचार तेव्हा मनात आला आणि मी तो बाजूला सारला.

पुढच्याच गाण्याने तो पुन्हा समोर आणून ठेवला. कीथ ग्रीन यांचे 'अस्लीप इन द लाइट', १९७८ सालचे. पियानो आणि एक तळमळणारा आवाज. आपण प्रकाशात आहोत या समाधानात चर्च झोपी गेले आहे आणि दाराशी आलेल्या माणसाला ते हाकलून देते, असे हे गाणे चर्चच्या तोंडावर सांगते. ग्रीन यांनी पुढे आपल्या तबकड्यांची ठरावीक किंमत घेणे सोडून दिले. ज्याला जे परवडेल ते त्याने द्यावे. १९८२ साली टेक्सासमध्ये विमान कोसळून ते आणि त्यांची दोन मुले गेली. वय २८. ते गाणे मी एकदाच ऐकले. दुसऱ्या दिवशी, उपासना झाल्यावर, पुण्याची एसटी पकडली.

त्या मुलाच्या खोलीवर गेलो. त्याने चहा केला. मी म्हणालो, "तुला चारचौघांत बोललो, ते चुकलं माझं. तमाशा हा शब्द चुकला, आणि गाणं न ऐकता बोललो तेही चुकलं." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मला गाण्याचं वाईट वाटलं नव्हतं. पुढं काय आहे ते तुम्ही विचारलंच नाही, त्याचं वाटलं." त्याने मला ते गाणे पूर्ण ऐकवले. त्याने केलेले मराठी शब्द माझ्या कितीतरी भाषांतरांपेक्षा सरस होते. मी त्याला तसे सांगितले.

तिसरा मुद्दा उगमाचा. ही वाद्ये कुठून आली? याचे उत्तर माझ्याच घरात होते. आजोबा सांगायचे, नारायण वामन टिळकांची भजने पहिल्यांदा टाळ-मृदंगावर गायली गेली तेव्हा साहेबी चालींवर वाढलेल्या काही जुन्या मंडळींनी नाके मुरडली. टाळ मृदंग म्हणजे सोडून आलेल्या देवळाची आठवण. ते प्रभूच्या घरात कशाला, असे त्यांचे म्हणणे. टिळकांचा १८९५ साली बाप्तिस्मा झाला, पण तुकोबांचा अभंग त्यांनी टाकून दिला नाही. आपण तुकारामांच्या वाटेने ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. त्याच्याही कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' छापले ते मराठी ओवीत. म्हणजे आज जे मला जुने, पवित्र आणि आपले वाटते, तेही एकेकाळी दारात अडवले गेले होते. माझी पेटीसुद्धा युरोपातून आली आणि नाटक-तमाशाच्या फडांत वाजून मग माझ्यापर्यंत पोचली. अमेरिकेतही १९८०च्या दशकात जिमी स्वॅगर्ट यांच्यासारखे नामांकित प्रवचनकार ख्रिस्ती रॉकवर तुटून पडले होते. त्यांचे युक्तिवाद वाचले तेव्हा माझेच निवेदन पुन्हा वाचतो आहे असे वाटले.

सगळेच बदलले, असे मी म्हणणार नाही. वर्षभरात चाळीसेक गाणी ऐकली. त्यांतली निम्मी मला पोकळ वाटली. तेच तीन शब्द फिरवून फिरवून म्हणायचे आणि आवाज चढवत न्यायचा, याला मी आजही गीत म्हणणार नाही. स्ट्रायपर हा १९८०च्या दशकातला गाजलेला हेवी मेटल बँड. पिवळेकाळे पट्टे अंगावर घालून ते गात आणि श्रोत्यांत नव्या कराराच्या प्रती भिरकावत. त्यांचे नाव यशयाच्या ५३व्या अध्यायातल्या फटक्यांवरून आलेले आहे, हे कळल्यावर आदर वाटला. पण त्यांचे संगीत माझ्या कानांना सोसत नाही. फरक एवढाच पडला आहे की माझ्या कानांना सोसत नाही म्हणून देवालाही सोसत नसेल, असे मी आता म्हणत नाही. आमच्या पत्र्याच्या छपराखाली पूर्ण ड्रमसेट वाजला तर पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांना त्रास होईल, हे माझे म्हणणे कायम आहे. पण तो आवाजाचा प्रश्न आहे, तसाच तो सोडवता येईल. त्याला विश्वासाचा प्रश्न मी केला होता.

स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या स्तोत्रात मोठ्याने वाजणाऱ्या झांजांनीही देवाची स्तुती करायला सांगितले आहे. ते स्तोत्र मी शेकडो वेळा वाचले असेल. झांजा हा शब्द मला त्यात आता दिसला.

डिसेंबरमध्ये मी माझे निवेदन लेखी मागे घेतले. टिपण लिहून दिले, त्यात चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या गाण्यांची यादी नाही. कोणतेही नवे गीत, कोणत्याही वाद्यावरचे, आधी शब्द हातात घेऊन शेवटपर्यंत ऐकावे, मग निर्णय करावा, एवढाच एक नियम त्यात आहे. कमिटीने तो मान्य केला. नाताळच्या उपासनेत त्या मुलाने गिटार वाजवली, मी पेटी.

माझ्या वयाच्या, माझ्यासारख्या हट्टी वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. तुमच्या मंडळीत, देवळात किंवा घरात कोणी मूल एखादे गाणे घेऊन आले, तर दुसऱ्या ओळीवर त्याला थांबवू नका. शब्द मागून घ्या, समोर ठेवा आणि गाणे शेवटपर्यंत ऐका. नाही म्हणायचे असेल तर त्यानंतर म्हणा.