टोपी बदलली की माणूस बदलतो

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात महाराज बाड्यापाशी टोपी बाजार आहे. हे नाव ऐकलं की मला एकपात्री नट आठवतो : टोपी बदलली की माणूस बदलला! लक्ष्मण देशपांडे १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटेच अख्खं वऱ्हाड उभं करायचे. आपल्या गोव्यात नाटक म्हणजे जत्रेतलं, रात्र जागवणारं. एकांकिका आपल्या लेखी स्पर्धेपुरती. पण एलकुंचवारांना नाटककार म्हणून ओळख दिली ती ‘सुलतान’ या १९६७च्या एकांकिकेनेच. आणि शिंद्यांच्या मागोमाग ग्वाल्हेरला गेलेल्या मराठी घरांसारखी घरं जिथे विखुरली आहेत, तिथे वीस पात्रं कुठून आणायची? एक नट आणि भाषा कळणारे चार जण जमले, तरी तिथे मराठी नाटक होतं. हे थोडं आहे का?