अडीचशे फुटांचं पाणी

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. कळसूबाईच्या रांगेवर उभं राहिलं की पश्चिमेला कोकण उतरत गेलेलं दिसतं. त्याच्या पलीकडे कुठेतरी तो असणार, एवढंच. पाऊस त्या डोंगरांवरच आपलं ओझं उतरवतो आणि पारनेर, कर्जत, जामखेडकडे येईपर्यंत त्याच्याजवळ द्यायला फारसं उरत नाही. तरीही समुद्राची खोली आमच्या जिल्ह्यात आहे, अगदी मोजून. अकोले तालुक्यात प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. त्याची उंची ८२ मीटर. मुंबई हायवर तेल काढणाऱ्या फलाटांचे पाय जिथे रोवलेले आहेत, तिथे अरबी समुद्र साधारण ७५ मीटर खोल आहे. म्हणजे धरण भरल्यावर भिंतीच्या बुडाशी पाणी जेवढं रेटतं, जवळपास तेवढंच तिथे समुद्र रेटतो. खाऱ्या पाण्याचं वजन शेकडा दोन-तीन जास्त, फरक असेल तर तेवढाच.

धरण तरी मोठं असतं. ७५ मीटर म्हणजे अडीचशे फूट, आणि अडीचशे फुटांचं बोअर आमच्याकडे कुणाच्याही बांधावर सापडेल. वीतभरही रुंद नसलेलं ते भोक काठोकाठ भरलं, तर त्याच्या तळाशी मुंबई हायच्या तळाइतकाच दाब असेल. (ते काठोकाठ भरत नाही, ही गोष्ट वेगळी.) पाणी किती पसरलंय याचं दाबाला काही सोयरसुतक नसतं. डोक्यावर उभं पाणी किती, एवढंच तो बघतो. दर दहा मीटरला चौरस सेंटिमीटरवर एक किलो, हा त्याचा ठरलेला भाव. बोअर असो की महासागर.

हा भाव आमच्या शेतकऱ्याला तोंडपाठ आहे. दुकानात तो 'चार केजीचा पाइप द्या' म्हणतो, किंवा चढ जास्त असेल तर 'सहा केजीचा'. चार केजी म्हणजे चाळीस मीटर चढाचं पाणी पेलणारा, सहा केजी म्हणजे साठ. काकीनाड्यासमोर बंगालच्या उपसागरात गॅसच्या विहिरी दोन हजार मीटरपेक्षाही खोल पाण्यात आहेत. तिथला हिशेब दोनशे केजीचा. अंगठ्याच्या नखावर दोन क्विंटल ज्वारी ठेवावी, तसा.

मात्र एवढ्या खोलीवरही पाण्यानं भरलेली साधी प्लास्टिकची पिशवी चिरडत नाही. आत पाणी, बाहेर पाणी, दोघांचा जोर सारखा. भांडायला कारणच नाही. चिरडतो तो रिकामा नळ. आणि गॅसचा नळ टाकला जातो तेव्हा तो बहुधा रिकामाच असतो. त्याला एका जागी पोचा आला, तर तो पोचा तिथे थांबेल असं नाही; नळाच्या अंगाअंगानं धावत सुटतो आणि मैलोगणती नळ चपटा करून टाकतो. म्हणून खोल पाण्यातल्या नळाला ठरावीक अंतरावर जाड पोलादी कडी बसवतात. पोचा त्या कड्यापाशी येऊन अडतो.

चपटा झालेला नळ मी पाहिलाय, तोही माळावर. आमचे पाइपलाइनवाले मामा ओढ्यातल्या विहिरीवरून टेकाडापलीकडच्या वावरात पाणी नेणाऱ्या लाइनी जोडतात. उन्हाळ्यात एका ठिकाणी लाइट गेली, मोटार बंद पडली, फूटव्हॉल्व गळका होता. चढावरचं सगळं पाणी मागे विहिरीत धावलं आणि वरचा काळा पाइप, उन्हानं आधीच मऊ झालेला, आतून ओढल्यासारखा मिटला. त्याच्यावर समुद्र नव्हता. होती ती फक्त हवा, तुमच्या-आमच्या डोक्यावरची. आत काही उरलं नाही की तिचंही वजन पुरतं.

त्याच लाइनीचा रोजचा आजार मात्र उलटा आहे: हवा धरणं. विहिरीपाशी मोटार घरघरतेय, आकडा बरोबर दाखवतेय, आणि वावरात बोटाएवढी धार. पाणी सुरू होताना हवेला पुढे ढकलतं, ती टेकाडाच्या माथ्यावर जमते आणि तिथेच बसून राहते. हलकी असते, म्हणून सगळ्यात उंच जागा तिला आपसूक मिळते. मामा माथ्यावर जाऊन कान लावतात. एअर व्हॉल्व असतो नारळाएवढा, आत एक पोकळ चेंडू. झाकण थोडं सैल केलं की आधी फुसफुस, मग गरम, कुबट वाफारा, मग लालसर गढूळ पाण्याची थुंकी, एकदा, दोनदा, आणि मग चेंडू वर उचलला जाऊन टक्क. त्यानंतर थेंबही नाही. मामा तेव्हा कुणाशी बोलत नाहीत. त्यांची नजर खाली वावराकडे असते, जिथे कुणीतरी हात वर करणार असतं. हवेला वाट ठेवावी लागते हे इथे जुनंच आहे. निजामशाहीत नगर शहराला खापरी नळांनी पाणी येई, आणि त्याच दरबारच्या मलिक अंबरानं खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, बांधलेल्या नहरीवर ठिकठिकाणी उभे केलेले मनोरे याच कामाचे.

समुद्रतळावरच्या गॅसच्या नळात हेच दुखणं उफराटं होतं. तळ सपाट नसतो. नळ उंचवट्यांवरून चढतो, खळग्यांत उतरतो. आमच्याकडे पाण्याची वाट हवा अडवते, माथ्यावर बसून. तिथे गॅसची वाट पाणी अडवतं, खळग्यात बसून. गॅसबरोबर विहिरीतून थोडं पाणी, थोडं पातळ तेल येतंच. ते सखल जागी साचतं, मागे गॅस दबत दबत जातो आणि एका क्षणी तो सगळा साठा गोळ्यासारखा पुढे फेकतो. उरणला मुंबई हायचा गॅस किनाऱ्यावर येतो, तिथे हे गोळे झेलायला जाड, लांबलचक नळकांडी मांडलेली आहेत. त्यांना नावच स्लग कॅचर.

आणि पाणी नुसतं साचून भागत नाही. खोल समुद्राच्या तळाशी तीन-चार अंशांची थंडी असते. तेवढ्या गारठ्यात, मोठ्या दाबाखाली, पाण्याचे कण गॅसच्या कणाभोवती पिंजरा विणतात आणि बर्फासारखा पांढरा घट्ट पदार्थ तयार होतो. मिथेन शंभर केजी दाबाखाली असला, तर हे बारा-तेरा अंशांनाही घडतं. पौषातल्या पहाटे नगरचा पारा याच्याही खाली जातो आणि रांजणातलं पाणी पाणीच राहतं. तिथे मात्र नळ बुजतो. हॅमरश्मिट नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं १९३४ साली दाखवून दिलं की हिवाळ्यात गॅसच्या लाइनी तुंबवतो तो साधा बर्फ नव्हे, हा पिंजरा. २०१० साली मेक्सिकोच्या आखातात दीड हजार मीटर खोलीवर फुटलेल्या विहिरीवर पोलादी पेटी उतरवली, तीही याच बर्फानं चोंदली. तो नळात जमू नये म्हणून गॅसमध्ये ग्लायकॉल सोडतात, गाडीच्या कूलंटमध्ये असतं तेच.

लोक समुद्राच्या वजनाला भितात. मला त्यापेक्षा आतल्या गॅसचं भय वाटतं. पाणी जवळजवळ दबतच नाही, म्हणून नळ फुटला की त्याचा जोर क्षणात सरतो. गॅस दबलेला असतो, म्हणजे जोर साठवून बसलेला असतो. नवा नळ सोसेल का हे पाहताना त्यात आधी पाणी भरतात, ते यासाठीच.

२६ सप्टेंबर २०२२ ला बाल्टिक समुद्रात नॉर्ड स्ट्रीम या गॅसवाहिनीचे नळ स्फोटांनी फुटले. खोली सत्तर-ऐंशी मीटर, म्हणजे पुन्हा आपलं अडीचशे फुटांचं बोअर. एका नळात १०५ केजीच्या आसपास गॅस होता; तो उतरत उतरत सातवर आला. वर समुद्र किलोमीटरभर उकळल्यासारखा दिसत होता. सातला आल्यावर बाहेरचं पाणी आणि आतला गॅस यांचं बरोबरीत सुटलं, आणि पुढे गॅस जोरानं येईनासा झाला.

हे मी मामांना सांगितलं. त्यांनी स्फोट कुणी केला हे विचारलं नाही. म्हणाले, "मास्तर, आता त्यात पाणी शिरलं आसंल. ते कशानं काढत्यात?" म्हटलं, नळात बसेल असा एक बोळा घालतात, त्याला पिग म्हणतात, आणि मागून दाबाची हवा सोडतात, हवा बोळ्याला रेटते, बोळा पाण्याला.

"म्हंजी आपण पाण्यानं हवा काढायची, न् त्यांनी हवेनं पाणी!" मामा हसले, आणि लगेच, "पाइप किती इंची?"

"अठ्ठेचाळीस."

त्यांनी पायाशी पडलेल्या अडीच इंची लाइनीकडे पाहिलं, पान्हा उचलला आणि म्हणाले, "व्हॉल्व अर्धाच उघडा. एकदम सोडू नगा."