दुपारचे तिकीट, सकाळचे विमान

मालवण स्टँडवर कुडाळला जाणारी एस.टी. लागली की आपण चढतो. साडेनऊच्या गाडीने जायचे ठरवून घरून निघालो आणि पावणेनऊचीच गाडी उभी दिसली, तर तीच पकडतो. कंडक्टर तेवढ्याच पैशांचे तिकीट फाडतो. "तुम्ही लवकर आलात, जास्त पैसे द्या" असे त्याने आजवर कोणाला सांगितलेले नाही. माझे आयुष्य याच हिशेबात गेले. त्यामुळे विमानाच्या बाबतीत मी जो धडा शिकलो, तो साठी उलटल्यावर शिकलो.

मे २०२५ मधली गोष्ट आहे. आमचे दादा काळशाच्या घरी अंथरुणाला खिळले होते. महिनाअखेर आठ दिवस जाऊन राहावे म्हणून मुलाने आम्हा दोघांची विमानाची तिकिटे काढून दिली. सौ.च्या गुडघ्यांना रेल्वेचा रात्रभराचा प्रवास झेपत नाही, आणि वीस दिवस आधी काढल्यामुळे माणशी ३,४०० रुपयांत काम झाले होते. मुंबईहून मोपा, दुपारी ३.२० चे विमान. मोपा गोव्यात, पेडणे तालुक्यात. पण बांद्याच्या हद्दीपासून अगदी जवळ. तेथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून आमच्याकडचे बरेच चाकरमानी तिथेच उतरतात.

कोणी विचारील, चिपीला विमानतळ असताना मोपा कशाला? चिपी आमच्या घरापासून कर्ली नदीच्या पलीकडे. परुळे-चिपीच्या कातळावर अडीच किलोमीटरची धावपट्टी झाली आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईचे पहिले विमान उतरले, तेव्हा वाडीतली पोरे डोंगरीवर चढून बघत होती. म्हाताऱ्या बायकांनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. सत्तर आसनांचे पंख्याचे विमान, 'उडान' योजनेतले. जाणे-येणे एकच फेरी. पावसाळ्यात ढग खाली उतरले की प्रवासी मुंबईलाच बसून राहायचे. योजनेची तीन वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ती मुंबईची सेवा थांबली. ती चालू होती तेव्हासुद्धा एक गोष्ट खरी होती : जिथे दिवसाला एकच विमान, तिथे 'त्याच दिवशीचे आधीचे विमान' ही वस्तूच नसते. मोप्याला मात्र मुंबईहून दिवसात अनेक विमाने जातात. हे मी चांगले म्हणून लक्षात ठेवले होते.

निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला. पुतण्या होता. "काका, बाबा गेले." पुढे काही बोलवेना त्याला. मग वयनीने फोन घेतला आणि म्हणाली, "तुमी येवा. चार वाजेपर्यंत ठेवतंव. त्याच्या फुडे नाय जमाचा, उकाडो बघा केवढो हा."

माझ्या हातातले तिकीट दुपारी ३.२० चे. ते विमान मोप्याला उतरेपर्यंत साडेचार. पुढे मोटारीने दोन तास.

रेल्वेचा विचार आधी केला. वंदे भारत सी.एस.एम.टी.हून ५.२५ ला सुटते आणि सकाळीच कणकवलीला पोचवते. फोन आला तेव्हा ती सुटलेली होती. मांडवी ७.१० ची. तिला विक्रोळीहून दादर गाठून साध्या डब्याचे तिकीट काढून चढता आले असते, पण ती कुडाळला दुपार टळल्यावर पोचते आणि सिंगल लाइनवर क्रॉसिंगला थांबली की तासाभराची खात्री नाही. तेव्हा मी सौ.ला म्हटले, चल, विमानतळावरच जाऊ. सकाळचे विमान असेलच. तिकीट आपल्याकडे आहे, त्याच कंपनीचे आहे, त्याच गावाचे आहे. दुपारऐवजी सकाळी बसू, एवढेच.

काउंटरवर मुलगी चांगली होती, आपल्या सुनेच्या वयाची. तिने पडद्यावर बघून सांगितले, "काका, ९.४० च्या विमानात जागा आहेत. पण तुमचे तिकीट बदलावे लागेल. बदलाचा आकार माणशी तीन हजार, आणि आजच्या भाड्यातला फरक चार हजार तीनशे." म्हणजे ३,४०० च्या तिकिटावर आणखी ७,३००. दोघांचे १४,६००.

मी म्हटले, "बाई, विमानात जागा रिकाम्या आहेत ना? माझी दुपारची जागा तुम्हाला परत मिळतेय. तीसुद्धा विका." ती काही बोलली नाही. तिच्या हातात काही नव्हते, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते. माझ्या मागे माणसे उभी होती. त्या उभ्या माणसांसमोर मी सांगितले की माझा भाऊ वारला आहे. तिने "सॉरी काका" म्हटले आणि आत जाऊन साहेबाला विचारून आली. रक्कम तीच राहिली.

त्या वेळी मला राग आला. पुढे मुलाने आणि त्याच्या एका मित्राने, जो तिकिटांच्या एजन्सीत काम करतो, हा व्यवहार उलगडून सांगितला तेव्हा राग गेला नाही, पण समजले. मालवणच्या किनाऱ्यावर सकाळी मासळीचा लिलाव पाहिलेल्या माणसाला हे समजायला सोपे आहे, फक्त उलटे धरावे लागते. सुरमई सकाळी चढ्या भावाने जाते. उन्हे वर आली की भाव उतरतो, आणि संध्याकाळी उरलेली टोपली गाबतीण मिळेल त्या पैशाला देऊन टाकते, कारण मासा उद्यापर्यंत टिकायचा नाही. विमानातली खुर्चीही नाशिवंतच. दार बंद झाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. तरीही तिचा भाव शेवटच्या घटकेला उतरत नाही, बहुधा चढतच जातो. कारण शेवटच्या घटकेला येणारा माणूस कोण? ज्याचे कोर्टात काम आहे, ज्याच्या साहेबाने बोलावले आहे, किंवा ज्याच्या घरी मयत आहे. त्याला जाणे भागच असते, हे कंपनीला माहीत आहे. शेवटच्या तासाला स्वस्तात खुर्ची मिळू लागली, तर आधी महाग तिकीट कोणी काढणारच नाही. म्हणून दहा खुर्च्या रिकाम्या नेणे त्यांना परवडते. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असतात ते यामुळे.

आणि वीस दिवस आधी आपण जे स्वस्त तिकीट घेतो, त्यात एक अट गुपचूप विकत घेतलेली असते : आपण याच वेळी जाऊ, मन बदलणार नाही. ती अट मोडली की दोन रकमा वेगवेगळ्या लागतात. एक बदलाचा आकार. तो अट मोडल्याबद्दल. दुसरी भाड्यातला फरक. कारण नवे विमान आजच्या भावाने मोजले जाते. पुष्कळांना वाटते की आकार भरला म्हणजे झाले. फरकाची रक्कम ऐकून त्यांचे तोंड उतरते, तसेच माझे उतरले. काही तिकिटे 'फ्लेक्सी' म्हणून थोडी महाग मिळतात, त्यांत बदलाचा आकार कमी असतो किंवा नसतो. फरक मात्र बहुतेक वेळा भरावाच लागतो. काही कंपन्या त्याच दिवशीच्या आधीच्या विमानासाठी वेगळा, थोडा हलका दर ठेवतात, काही ठेवत नाहीत. घरात कोणी आजारी असताना तिकीट काढत असाल तर एवढे आधी विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते. तीनशे-चारशे रुपये वाचवायचे होते ना.

काउंटरवर उभे राहून हिशेब केला. खिशात आणि बँकेत मिळून दोघांचे पैसे भरणे शक्य होते, पण मग गावी खर्चाला काय? सौ. म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी दुपारच्याने येते. दादांना तुम्ही बघायला हवे." ती आयुष्यात एकटी विमानात बसलेली नव्हती. खरे तर मीही नव्हतो.

तेवढ्यावर भागेना. आमची दोघांची नावे एकाच तिकीट क्रमांकावर होती. एकाचीच वेळ बदलायची तर आधी ते तिकीट फोडून दोन करावे लागते. त्या मुलीने ते केले, पण त्यात वेळ गेला. बहुतेक कंपन्यांचे काउंटर विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होते. आमचे काम आठ वाजून अठरा मिनिटांनी झाले. बरे की आम्ही सामान आधी दिले नव्हते. सामान एकदा पट्ट्यावर गेले की ते काढून दुसऱ्या विमानात घालण्यात आणखी घोळ. एकत्र प्रवास असला तरी म्हाताऱ्या माणसांच्या घरी तिकिटे वेगवेगळी काढलेली बरी, असे मला त्या दिवसापासून वाटते. मुलाला ते पटत नाही. त्याचे म्हणणे, एकाच तिकिटावर असले तर विमान रद्द झाल्यावर दोघांना एकत्र हलवतात. तेही खरे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनीने स्वतः विमान रद्द केले तर प्रवाशाकडून बदलाचा आकार घेता येत नाही; दुसरे विमान द्यावे लागते किंवा पैसे परत. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तरीही हाच पर्याय. मोप्यासारखा जवळचा प्रवास असेल तर दोन तासांच्या उशिरावर चहा-फराळ द्यावा लागतो. हे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम आहेत. तिकीट रद्द करण्याचा आकार मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही, हा नियम २०१६ पासून आहे. तिकिटातले कर आणि विमानतळाचे शुल्क, माणूस विमानात बसलाच नाही तरी, परत मागता येते. कितीतरी लोक ते मागत नाहीत. आमच्या शेजारच्या वहिनींचे विमान चुकले होते, त्यांना मी अर्ज करायला लावला.

मुलाने नंतर आणखी एक गोष्ट दाखवली, ती मात्र मला टोचली. त्याच सकाळी दुसऱ्या एका कंपनीचे १०.१५ चे विमान होते आणि त्याचे नवे कोरे तिकीट ५,९०० ला मिळत होते. माझे जुने सोडून दिले असते, कर परत घेतले असते, तरी चौदाशेच्या वर वाचले असते. म्हणजे बदलाचा आकडा ऐकल्यावर आधी नव्या तिकिटाचा भाव विचारावा. एक सांभाळावे लागते : जाणे-येणे एकाच तिकिटावर असेल आणि जाताना बसला नाहीत, तर येण्याचे तिकीटही सहसा रद्द होते. आमचे येणे रेल्वेने होते. पण त्या सकाळी हे सुचणार कोणाला?

विमानात माझ्या रांगेत मी एकटाच होतो. बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या. मोप्याहून सौ.ला फोन केला. ती विमानतळावर खुर्चीत बसून डबा खात होती. "माझी काळजी करू नका," म्हणाली, "इथे एक कुडाळची बाई भेटली आहे."

माझ्या वडिलांच्या वेळची गोष्ट घरात सांगत असत. ते गिरणीत होते. आजोबा गेल्याची तार आली ती भर पावसात, आणि पावसाळ्यात कोकणच्या आगबोटी बंद. इतर दिवसांत भाऊच्या धक्क्यावरून बोटीच्या डेकवर बसून यायचे आणि मालवणच्या बंदरात होडीत उतरायचे. त्या वेळी वडील कोल्हापूरमार्गे घाट उतरून, पुढे चालत आले. पोचले तेव्हा सारे आटोपून आठ दिवस झाले होते. त्याबद्दल त्यांनी कोणाला बोल लावला नाही. समुद्राशी कोण भांडणार?

मोप्यावरून टॅक्सीने बांदा, झाराप, कुडाळ असा हमरस्ता आणि मग नेरूरपारचा पूल. कर्लीचे पाणी ओहोटीने खाली गेले होते, चिखलात बायका मुळे वेचत होत्या. पुतण्याचा फोन दर दहा मिनिटांनी. "काका, खय पोचलात?" पुलावर आहे म्हटल्यावर तो काही बोलला नाही, मागे कोणाला तरी ओरडून सांगितले, "इले, इले."

एक वाजून दहा मिनिटांनी घरी पोचलो. बौद्धाचार्य आले होते, वाडीतली माणसे फणसाखाली बसली होती. दादांना अंगणाकडच्या पडवीत ठेवले होते, बाजूला बर्फाच्या लाद्या. त्या पुतण्याने मालवणला मासळीच्या बर्फाच्या कारखान्यातून आणल्या होत्या. मी त्यांच्या पायांशी बसलो. वयनीने विचारले, बायको कुठे? मी म्हटले, मागच्या विमानाने येते आहे. चारला उचलायचे ठरले होते, पण तिच्यासाठी थांबता आले नाही.

ती पोचली तेव्हा पावणेसात झाले होते. अंगण झाडून झाले होते. तिने पिशवीतून दादांसाठी आणलेला मऊ बिस्किटांचा पुडा काढला आणि वयनीच्या हातात दिला.