रेघेच्या वर

"पप्पा, जुने बूट घाला," लेकीनं दोनदा बजावलं होतं. मी सँडल घालून गेलो. होडीतून उतरलो तसा डावा पाय पोटरीपर्यंत गाळात गेला. पाय निघाला, सँडल नाही निघाली. कचरा काढायला आलेल्या माणसानं पहिल्याच मिनिटाला बेटाच्या कचऱ्यात भर घातली.

तापी समुद्राला मिळते तिथे एका काठाला डुमस, दुसऱ्या काठाला हजीरा. मधल्या या बेटावर लेकीच्या कॉलेजची एनएसएसची मुलं आणि त्यांच्यात चाळिशीचा मी एकटा. आम्ही मूळ सारंगखेड्याचे, म्हणजे तापीकाठचेच; आता सुरतेत लिंबायतला राहतो. आई अजून 'तापीमाय' म्हणते, आषाढातल्या सप्तमीला नदीची ओटी भरते. त्यामुळे समोरचा ढीग पाहून माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की वरून, आपल्या खानदेशातून वाहत आलं असणार सगळं. तसं बोलूनही गेलो.

आम्हाला घेऊन आलेले गुजराती भाई हसले. "मुलताईपासून 724 किलोमीटर येते खरी, पण मधे उकाईचं धरण आहे. शहरात सिंगणपोरचा कॉजवे आहे. त्याच्या खाली जे दिसतं ते बहुतेक आपल्या सुरतचंच. ओहोटी नेते, भरती परत आणते."

काम सोपं वाटलं होतं: वाकायचं, उचलायचं, पोत्यात टाकायचं. तिवरांच्या फांदीला अडकलेली पन्नी मी जोरात ओढली, तर फांदीच हातात आली. मग कळलं, पन्नी कापून सोडवायची, ओढायची नाही. खाली गाळातून बोटाएवढे कोंब वर आले होते, त्यावर पाय देऊन उभा राहिलो, तर एक मुलगी ओरडली, "काका, ती झाडाची नाकं आहेत!" ती श्वसनमुळं, गाळात हवा नसते म्हणून झाड ती वर काढतं. थर्मोकोल उचलला तर चुरा होऊन शंभर जागी पसरला. प्लास्टरच्या मूर्तीचा एक हात सापडला, बांगड्यांचा रंग अजून शाबूत. तो पोत्यात टाकायचा की नमस्कार करायचा, मी तसाच उभा. "ए अलग मूको," भाई म्हणाले. मी आधी नमस्कार केला, मग बाजूला ठेवला.

तासाभरात सहा पोती भरली. पाण्याजवळ, होडीत चढवायला सोपं म्हणून, ओळीनं उभी केली आणि कौतुकाची वाट बघत बसलो. भाई आले, पोत्यांकडे पाहिलं, मग वर बोट दाखवलं. तिथे काटक्या, फेस, बाटल्यांची बुचं यांची वाकडी रेघ होती. "कालची भरती तिथपर्यंत आली होती. होडी सगळ्यांना एका खेपेत नेणार नाही. रेघेच्या खाली ठेवलेलं सगळं नदी परत घेईल." सहाही पोती एक सँडल घालून मी वर ओढली.

शेवटच्या पोत्यात हात घातला तेव्हा ती दिसली. लांबट, पारदर्शक पन्नी, कडेला बटणाची पट्टी. मी रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटात पॅकिंग बघतो. प्रत्येक साडी अशाच पन्नीत जाते, बारा साड्यांचा सेट मोठ्या पन्नीत, मग पार्सलवर आणखी एक. बारा साड्या, चौदा पन्न्या. ही आमचीच असं नाही म्हणत. सुरतेत असली मार्केटं कितीतरी. पण घडी कुठे पडते ते माझ्या बोटांना ठाऊक होतं.

1994च्या प्लेगनंतर शहर कसं धुऊन काढलं, ते वडील सांगायचे. 2023च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसोबत देशात पहिलं आलं, तेव्हा आम्ही मार्केटात पेढे वाटले होते. ते खोटं नव्हतं. रस्ते खरंच झाडलेले असतात. फक्त भरतीची रेघ रस्त्यावरून दिसत नाही.

सोमवारी शेठना विचारलं, "सेटला एकच मोठी पन्नी नाही का चालणार?" ते म्हणाले, "डाग पडला तर माल परत येईल. भरून कोण देणार?" त्यांचंही खोटं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी नेहमीएवढ्याच पन्न्या भरल्या, पण आयुष्यात पहिल्यांदा मोजल्या.

रात्री लेकीला विचारलं, पुढच्या रविवारी ओहोटी किती वाजता आहे? ती माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "आधी बूट."