फोटोमागचं पाकीट

बापानं ते पाकीट बाबासाहेबांच्या फोटोमागं खोचलं. घरातले म्हत्त्वाचे कागद तिथंच जायचे. रेशनकार्ड, जातीचे दाखले, मिलची कागदं. पोस्टमननं सही घेतली, बापानं केली, विषय संपला. बाप चौथी शिकलेला. मी गिरणीत बदली कामगार. पाकीट कुणीच फोडलं नाही. ‘शिका’ म्हणणाऱ्या माणसाच्या पाठीमागं न वाचलेला कागद पडून होता आणि आम्ही रोज त्याच फोटोला हात जोडत होतो.

२०१९ ला पोलीस घेऊन बँकेची माणसं आली. आईनं भांड्याकुंड्यांच्या आधी फोटो काढला. मागून पाकीट पडलं. इंग्रजी नोटीस.

पुढं भाड्याच्या खोलीत, रात्रपाळी करून, डिक्शनरी घेऊन मी ती वाचली. घर गेल्यावर शिकलो. २००२ साली सरफेसी कायदा झाला. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. मग ६० दिवसांची नोटीस, मग ताबा. बँकेला कोर्टात दावा लावावा लागत नाही. त्या नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ताब्याची कारवाई झाल्यापासून ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. लिलावात कर्ज आणि खर्च फिटून वर पैसा उरला तर तो घरमालकाचा. यातलं आम्हाला काय ठावं होतं? काय बी नाही.

मागच्या महिन्यात खात्यातल्या एका दोस्तानं पेपर आणला. दोन खोल्या, लिलाव, बाजारापेक्षा स्वस्त. ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर. खोटं कशाला बोलू, जीव हलला. आई किती दिवस दुसऱ्याच्या छपराखाली राहणार?

बघायला गेलो. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ लिहिलेलं. म्हंजे माणसं अजून घरातच. एका बाईनं दार उघडलं. तिला वाटलं, बँकेचेच. तरी म्हणाली, “बसा दादा, पाणी घ्या.” भिंतीवर बाबासाहेब.

घेणाऱ्याचंही सोपं नसतं. बोली लागली की २५ टक्के लगेच, बाकी १५ दिवसांत. नाही जमलं तर भरलेलं बुडालं. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीची थकबाकी बहुतेक त्याच्याच गळ्यात. वरून या बाईला बाहेर काढायचं. बँक नामानिराळी, आणि दारात एक गरीब दुसऱ्या गरिबासमोर उभा.

ती विचारत होती, “भावाकडून पैसे आणते, थांबंल का?” २०१६ च्या दुरुस्तीनंतर विक्रीची जाहिरात छापून यायच्या आधी सगळं देणं भरलं तरच घर सोडवता येतं. तिची जाहिरात माझ्या खिशात होती. मी तिला ते सांगितलं. पाणी पिऊन आलो.

बोली मी लावली नाही. घर दुसऱ्यानं घेतलं. मी नाही घेतलं म्हणून तिचं वाचलं, असं नाही. तेव्हा यात माझा मोठेपणा शोधू नका.

दोस्तांनो, जयंतीची वर्गणी मागायला आपण घरोघर जातो. १८७५ ला सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकाराची खतं जाळली. आज खत संगणकात आहे, जाळता येत नाही. पण नोटीस वाचता येते. येत्या रविवारी वस्तीत फिरू. प्रत्येक घरात विचारू, फोटोमागं काय ठेवलंय. आणि पाकीट तिथंच, त्यांच्यासमोर फोडून मराठीत वाचून दाखवू.

जयभीम.