उरल्याच्या भट्ट्या आणि दहा अवतार

रायपूरच्या उरला औद्योगिक वसाहतीत दिवसरात्र लोखंड वितळतं. भट्ट्या, रोलिंग मिल, सळयांनी भरलेले ट्रक आणि सगळ्यावर काळी धूळ. या पोस्टिंगमध्ये कामानिमित्त तिकडे वरचेवर जाणं होतं आणि ट्रकांच्या रांगेत तास-तासभर अडकणंही. तेवढ्यात एक अल्बम आरामात ऐकून होतो. सध्या ऐकतोय 'दशावतार'. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शन या मेटल बँडचा हा पाचवा अल्बम, 2017 सालचा.

साहिल मखीजाने हा बँड 2000 साली सुरू केला. त्याच वर्षी मी खडकवासल्याला एनडीएत दाखल झालो, म्हणजे आमची सर्व्हिस सारखीच. बँडमधली माणसं बदलत गेली, साहिल टिकला. आधीचं त्यांचं संगीत युरोपच्या वळणाचं होतं. तुफान ड्रम, कीबोर्डचे भव्य सूर आणि पोटातून काढलेला घोगरा आवाज. 'दशावतार'मध्ये त्यांनी भारतीय वाद्यं आणि सूर मिसळले, आणि विषयही घेतला आपल्याकडे आजीच्या तोंडून ऐकायला मिळणारा. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा गाणी. शब्द इंग्रजी.

अडचण या दहाच्या आकड्यातच आहे. यादी पक्की असली की प्रत्येकाला हजेरी द्यावीच लागते, जमो वा न जमो. वराह, नरसिंह, परशुराम हे तर मेटलचेच देव. खांब फोडून बाहेर येणाऱ्या नरसिंहाला याहून शोभणारा वाद्यमेळ मी तरी ऐकलेला नाही. वामनाच्या गोष्टीची गंमत मात्र वेगळी. एक बुटका बटू शांतपणे तीन पावलं जमीन मागतो आणि मग वाढत जातो. इथे गिटार पहिल्यापासूनच आभाळाला टेकलेल्या, मग वाढायला जागा कुठे उरते? रामाचंही तसंच. परशुराम कधी गेला आणि राम कधी आला, ते नाव वाचल्याशिवाय माझ्या लक्षात येत नाही. पण दम कुठेही कमी पडत नाही. सतरा वर्षं घासलेला बँड पहिल्या अल्बमच्या हौसेने वाजवतो, हे ऐकताना जाणवतं.

माझं आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे दशावतार म्हटलं की मला आधी देवळासमोरचं नाटक आठवतं. त्याचं नाव दशावतार, पण दहाही अवतार तिथे कुणी करून दाखवत नाही. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती येतो, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. मग वेद चोरणारा काळा संकासुर येतो आणि विष्णू त्याला मारतो. तो मत्स्यावतार. बाकीचे नऊ नावापुरते. त्यानंतर पायपेटी, मृदंग आणि झांज यांच्या साथीवर एकच आख्यान पहाटेपर्यंत रंगतं. आपल्याला काय पेलतं, हे त्या मंडळींनी फार आधी ओळखलं होतं.

बँडनेही चार-पाच अवतार निवडले असते तर अल्बम एकसारखा झाला असता. पण मग नववं गाणं झालंच नसतं. ते बुद्धावर आहे.

मराठी माणसासाठी ही नववी जागा सोपी नाही. काही जुन्या पंचांगांत तिथे विठ्ठलाचं चित्र सापडतं. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पाचवी स्पष्ट सांगते की बुद्ध हा विष्णूचा अवतार नाही. माझ्यासोबत असणारा एक नाईक नागपूरकडचा आहे. गाणं सुरू होतं तेव्हा त्याने विचारलं, "सर, हे कशावर आहे?"

"बुद्धावर."

"नववा अवतार म्हणून?"

"हो."

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "गाणं चांगलं आहे सर. यादी चुकीची आहे."

त्याच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बँडने या गाण्याला नाव दिलंय 'द टीचर'. आधीच्या परशुरामाच्या नावात कुऱ्हाड आहे, पुढच्या कल्कीच्या नावात संहार आहे. यांच्यामध्ये एक शिक्षक. मेटलची सगळी हत्यारं लढाईची, आणि समोर लढाईच सोडून दिलेला माणूस. मला तिथे बँड चाचपडताना ऐकू येतो. शस्त्र हाताळणं हीच नोकरी असलेल्या माझ्यासारख्याला ते चाचपडणं खोटं वाटत नाही. एकदोन गाणी फसली तरी चालतील, पण ही जागा त्यांनी गाळली नाही याचं मला मोल वाटतं.

दोन दिवसांनी नाईकाने पेनड्राइव्ह आणून दिला. त्याला तेवढं एकच गाणं हवं होतं, अवतारांच्या रांगेतून काढून वेगळं. मी ते दिलं.

तुम्हाला मेटलची सवय नसेल तर नरसिंहापासून सुरू करा आणि आवाज आधी थोडा कमीच ठेवा. वामनापाशी कंटाळलात तर पुढे जा, काही बिघडत नाही. नववं मात्र सोडू नका.